निक्कोची समाधिमंदिरे : अलंकरण, दैवतीकरण आणि राजसत्ता

प्रस्तावना

जपानी कलेचे जे थोडेफार अध्यापन आपल्या महाविद्यालयांतून होते, त्यात 'साधेपणा' हा जपानी सौंदर्यदृष्टीचा गाभा म्हणून जवळजवळ गृहीतच धरलेला असतो. चहाविधीतील ओबडधोबड मातीची वाटी, रयोआनजीच्या अंगणातील खडी आणि पंधरा दगड, रंग न दिलेले लाकूड, रिकामी ठेवलेली भिंत ही उदाहरणे पाठ्यपुस्तकांतून पुन्हा पुन्हा येतात. ती खोटी नाहीत. मात्र अपुरी आहेत. टोकियोच्या उत्तरेस सव्वाशे ते दीडशे किलोमीटरवर, तोचिगी प्रांतातील डोंगरात निक्को नावाचे तीर्थक्षेत्र आहे. तेथील तोशोगू या देवस्थानात एकूण ५,१७३ कोरीव शिल्पे असल्याचे सांगितले जाते. सोन्याचा वर्ख, काळी व लाल लाख, शिंपल्यांच्या चुऱ्याचा पांढरा लेप आणि खनिज रंग यांनी मढलेले हे देवस्थान पाहिल्यावर साधेपणाच्या त्या सिद्धांताचे काय करावे, असा प्रश्न अभ्यासकापुढे उभा राहतो.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर विसाव्या शतकात दिले गेले. निक्को म्हणजे सत्तांधांची अभिरुची, खऱ्या जपानी कलेचा अपभ्रंश, असे ते उत्तर होते. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा करावयाची आहे. निक्कोचे अलंकरण हा अभिरुचीचा प्रश्न नसून तो एक राजकीय व धार्मिक युक्तिवाद आहे, एका मृत राज्यकर्त्याला देव ठरविण्याचा आणि त्या देवाच्या नातवाला वैध वारस ठरविण्याचा, असे येथे प्रतिपादन केले आहे. हा युक्तिवाद लाकडात कोरलेला असल्यामुळे तेथे जाणाऱ्या अभ्यासकाने तो कोणत्या क्रमाने व कसा वाचावा, याचेही विवेचन ओघाने येईल.

देव होण्याची इच्छा

तोकुगावा इएयासू यांचा जन्म १५४३ सालचा. सेकिगाहाराची लढाई त्यांनी १६०० साली जिंकली, १६०३ साली त्यांना 'शोगुन' ही पदवी मिळाली आणि १६१५ साली ओसाकाचा किल्ला पाडून त्यांनी तोयोतोमी घराणे नामशेष केले. पुढच्याच वर्षी, १६१६ साली, त्यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी जवळच्या सल्लागारांना जे सांगितले, त्याची नोंद सूदेन या झेन भिक्षूच्या रोजनिशीत आहे. देह कुनो पर्वतावर पुरावा, अंत्यविधी एदो येथील झोजोजी मंदिरात व्हावा, स्मृतिफलक मिकावा या मूळ प्रांतातील दाइजुजीत ठेवावा आणि वर्षश्राद्ध झाल्यावर निक्कोच्या डोंगरात एक लहानशी वास्तू बांधून तेथे आपल्याला प्रतिष्ठित करावे, म्हणजे आपण कान्तोच्या आठ प्रांतांचे रक्षक होऊ, असा त्या सूचनांचा आशय आहे. 'लहानशी' हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

देव तर व्हायचे, पण कोणत्या नावाने? इएयासूंच्या पश्चात लगेचच यावर वाद पेटला. सूदेन आणि त्याच्या बाजूचे शिंतो आचार्य यांनी 'दाइम्योजिन' ही पदवी सुचविली. तेंदाई पंथाचा भिक्षू तेनकाई याने 'दाइगोंगेन' हिचा आग्रह धरला. तेनकाईचा मुद्दा बिनतोड होता. तोयोतोमी हिदेयोशी यांना मृत्यूनंतर 'तोयोकुनी दाइम्योजिन' करण्यात आले होते आणि त्यांच्या वंशाचे पुढे काय झाले, हे साऱ्यांनी नुकतेच पाहिले होते. अखेर १६१७ साली सम्राटाच्या दरबाराने 'तोशो दाइगोंगेन' ही पदवी दिली आणि इएयासूंचे अवशेष निक्कोला नेण्यात आले.

या वादात अपशकुनाखेरीज आणखीही काही होते. 'गोंगेन' म्हणजे तात्पुरते धारण केलेले रूप. बुद्ध किंवा बोधिसत्त्व हे मूळ तत्त्व आणि जपानी देवता ही त्याची या भूमीवर उतरलेली खूण, अशी 'होनजी-सुइजाकु' नावाची विचारसरणी मध्ययुगीन जपानमध्ये रूढ होती. अवतारकल्पनेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ती समजावून घेण्यास फारसे सायास पडू नयेत. मात्र येथे अवतार घेणारा विष्णू नसून बुद्ध आहे आणि अवतार कोणा पुराणपुरुषाचा नसून कालपरवापर्यंत राज्य करणाऱ्या सेनापतीचा आहे, हा फरक मोठा. इएयासूंचे मूळ रूप याकुशी, म्हणजेच भैषज्यगुरू बुद्ध, मानले गेले. साहजिकच निक्कोच्या आवारात शिंतो देवस्थानाशेजारी भैषज्यगुरूचे मंदिर, पाच मजली पॅगोडा आणि सूत्रग्रंथांचे भांडार या बौद्ध वास्तूही आल्या. हा डोंगर मुळातच बौद्ध साधकांचा होता. शोदो नावाच्या भिक्षूने ७६६ साली येथे मठ स्थापिल्याची परंपरा आहे आणि आजचे रिन्नोजी मंदिर आपला वारसा तेथपर्यंत नेते.

नातवाचे मंदिर

आज आपण पाहतो ते तोशोगू १६१७ सालचे नाही. पहिले बांधकाम दुसरे शोगुन हिदेतादा यांच्या कारकिर्दीत झाले आणि ते पुष्कळच आटोपशीर होते. त्यातील काही वास्तू १६४४ साली सेरादा येथे हलविण्यात आल्या, त्या आजही तेथे पाहता येतात. सध्याचा थाट हा तिसरे शोगुन इएमित्सु यांनी १६३४ ते १६३६ या काळात केलेल्या पुनर्बांधणीचा आहे. आकिमोतो यासुतोमो हे या कामाचे प्रमुख अधिकारी, कोरा मुनेहिरो हे मुख्य स्थपती आणि कानो तान्यू हे चित्रकारांचे अग्रणी होते. काम अवघ्या सतरा महिन्यांत पुरे झाले. खर्चाचा हिशेब उपलब्ध आहे : ५,६८,००० र्यो सोने, १०० कान (सुमारे ३७५ किलो) चांदी आणि १,००० कोकु तांदूळ. राबलेल्या माणसांची गणती ४५ लाख मनुष्यदिवसांच्या घरात जाते. विशेष म्हणजे हा सारा भार शोगुनांच्या स्वतःच्या खजिन्यातून उचलला गेला. एरवी किल्ले आणि बंधारे बांधण्याचा खर्च सरंजामदारांच्या, म्हणजे दाइम्योंच्या, माथी मारणारी ही राजवट होती. आजोबांचे मंदिर मात्र कोणाच्याही उपकाराशिवाय उभे राहावे, असे इएमित्सुंना वाटले असावे.

आजोबांनी 'लहानशी वास्तू' मागितली असता नातवाने एवढे का केले? याचे उत्तर घराण्यातील कलहात शोधावे लागते. हिदेतादा आणि त्यांच्या पत्नी यांचा ओढा धाकट्या मुलाकडे, तादानागाकडे होता. थोरल्या इएमित्सुंचा वारसाहक्क अबाधित राहिला तो इएयासूंनी स्वतः लक्ष घातल्यामुळे, असे परंपरा सांगते. हिदेतादा १६३२ साली वारले. तादानागा यांना आधी पदच्युत करून पुढे आत्महत्या करणे भाग पाडण्यात आले आणि त्यानंतर वर्षही उलटण्यापूर्वी निक्कोचे काम सुरू झाले. हा घटनाक्रम बोलका आहे. इएमित्सुंना इएयासू स्वप्नात दिसत. ती स्वप्नरूपे कानो तान्यू यांच्याकडून त्यांनी रंगवून घेतली. त्यांच्या ताइताच्या पिशवीतील एका कागदावर 'दुसरे गोंगेन, दुसरे शोगुन' अशा अर्थाची अक्षरे आहेत. वंशावळीत ते तिसरे शोगुन होते. मधल्या एका पिढीला, म्हणजे प्रत्यक्ष वडिलांना, या कागदावर जागाच नाही. निक्कोच्या सोन्यामागे हा वैयक्तिक हिशेब आहे, हे विसरून त्या शिल्पांकडे पाहिले तर त्यांत केवळ श्रीमंतीचे प्रदर्शन दिसेल.

वडिलांना त्यांनी उपेक्षित ठेवले असे मात्र नाही. एदो येथे झोजोजीच्या आवारात हिदेतादांचे भव्य समाधिमंदिर १६३२ सालीच उभे राहिले होते. पण ते समाधिमंदिरच राहिले. निक्कोप्रमाणे राष्ट्रीय तीर्थक्षेत्र झाले नाही. सम्राटाच्या दरबाराने १६४५ साली निक्कोच्या देवस्थानाला 'गू' हा वरचा दर्जा दिला आणि १६४६ पासून दरवर्षी क्योतोहून राजदूत निक्कोला येऊ लागले. सूर्यदेवता आमातेरासूच्या इसे येथील देवस्थानाला जो मान, त्याच पंक्तीला तोकुगावांचा पूर्वज जाऊन बसला.

द्वारांची वाट

तोशोगू पाहणे म्हणजे एक चढण चढणे होय. दगडी तोरण, पाच मजली पॅगोडा, पहिला दरवाजा, तीन कोठारे, तबेला, हातपाय धुण्याचे कुंड, कांस्यतोरण, योमेइमोन, कारामोन आणि मग मुख्य मंदिर असा क्रम आहे. ही रचना सरळ रेषेत नाही; ती डोंगराच्या उतारानुसार वळत जाते आणि प्रत्येक वळणावर आधीच्यापेक्षा अधिक सजलेली वास्तू सामोरी येते. पूर्वी कोणाला कोठपर्यंत जाता येई, हे दर्जानुसार ठरलेले असे. आज तिकीट काढणारा कोणीही ज्या पायऱ्या चढतो, त्यांवर तलवार काढून ठेवूनच पुढे जाण्याची परवानगी असलेले सामुराई थबकत असत, हे ध्यानात घेतल्यास अलंकरणाची चढती भाजणी आपोआप समजते.

पहिल्या अंगणातील दोन गोष्टींपाशी भारतीय पाहुणा हमखास रेंगाळतो. एक म्हणजे देवस्थानाच्या पवित्र घोड्याचा तबेला. या आवारात लाख वा सोने न लावलेली जी विरळा वास्तू आहे, ती हीच. माकड घोड्याला रोगराईपासून राखते अशी समजूत असल्याने तबेल्यावर माकडे कोरलेली आहेत : आठ फलकांवर मिळून सोळा. आपल्याकडे गांधीजींमुळे घराघरांत पोहोचलेली, डोळे, कान आणि तोंड झाकलेली तीन माकडे त्यांपैकी एका फलकावर आहेत. मात्र येथे ती सुटी नाहीत. माता बाळाच्या भवितव्याकडे टक लावून पाहते, बाळ वाढते, एकाकी बसते, निराश होते, प्रेमात पडते, संसार थाटते आणि शेवटी स्वतः माता होते, अशी माणसाच्या आयुष्याची ती कथा आहे आणि प्रसिद्ध त्रिकूट हे त्यातील बालपणाचे पर्व आहे. वाईट ते लहान मुलाच्या डोळ्यांवर, कानांवर, जिभेवर येऊ देऊ नये, असा तेथे अर्थ होतो. संदर्भासह पाहिले की सुभाषित कथा होते.

दुसरी गोष्ट समोरच्या कोठाराच्या दर्शनी त्रिकोणावरील दोन हत्ती. त्यांचे रेखाटन कानो तान्यू यांनी केले. त्यांनी हत्ती कधी पाहिलेला नव्हता. कानांची ठेवण, शेपट्यांचे झुपके आणि एकंदर अंगलोट पाहून आपल्याला हसू येते खरे. पण ग्रंथांतून आणि बौद्ध चित्रांतून हजार वर्षे प्रवास करून पूर्व समुद्रापर्यंत पोहोचलेला हा भारताचाच हत्ती आहे.

कांस्यतोरणाच्या पुढच्या प्रांगणात परदेशी भेटी मांडलेल्या आहेत आणि तेथे निक्कोचे राजकारण उघड होते. कोरियाच्या राजदूतमंडळाने १६४३ साली आणलेली घंटा येथे आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३६ साली पाठविलेले पितळी झुंबर आहे. शोगुनांच्या कैदेत असलेला कंपनीचा अधिकारी पीटर नाउट्स याची सुटका होण्यास या भेटीची मदत झाली. कंपनीच्याच फिरत्या दीपस्तंभावर तोकुगावांचे त्रिदल राजचिन्ह उलटे बसविले गेले आहे. परदेशी कारागिराची ही चूक कोणी दुरुस्त केली नाही. ज्या दशकात जपान परदेशी जहाजांना एकेक बंदर बंद करीत होते, त्याच दशकात परदेशी भेटी या डोंगरावर चढत होत्या. कोरियाचे राजदूत १६३६, १६४३ आणि १६५५ या तिन्ही खेपांना निक्कोपर्यंत नेण्यात आले. दाइम्योंना हे दिसावे, हा हेतू असणारच. स्वतः दाइम्योंच्या भेटी म्हणजे कुरोदा नागामासा यांचे दगडी तोरण, नाबेशिमा कात्सुशिगे यांचे जलकुंड, दाते मासामुने यांचे परदेशी लोखंडाचे दीपस्तंभ. मात्सुदाइरा मासात्सुना यांनी वीस वर्षे खपून लावलेली देवदारवर्गीय सुगी वृक्षांची रांग तर निक्कोच्या रस्त्यांवर पस्तीस किलोमीटरहून अधिक पसरली असून १६४८ साली ती अर्पण झाली. आजही तिच्यातील बारा हजारांच्या आसपास वृक्ष उभे आहेत.

योमेइमोन हा साऱ्या रचनेचा कळस. उंची सुमारे ११ मीटर, खांब बारा, शिल्पे पाचशेहून अधिक. पाहता पाहता सूर्य मावळावा, म्हणून लोकांनी त्याला 'दिवस मावळवणारे द्वार' असे नाव दिले. ड्रॅगन, किरीन, सिंह यांची दाटी बहुतेक प्रवाशांना दिसते. पण अभ्यासकाने पाहावीत ती त्याखालची माणसे. तेथे चिनी परंपरेतील ऋषी आणि राज्यकर्ते आहेत. दर्शनी मध्यभागी लोकांची गाऱ्हाणी ऐकणारा चौचा ड्यूक आहे : आदर्श कारभाऱ्याचे कन्फ्यूशियन परंपरेतील हे ठरलेले उदाहरण. त्याच्या अवतीभोवती खेळणारी मुले आहेत. त्यांत पाण्याच्या रांजणात पडलेल्या सोबत्याला वाचविण्यासाठी दगडाने रांजण फोडणारा बालक सिमा ग्वांग ओळखता येतो. पुढच्या कारामोनवर प्राचीन सम्राट शुन याचा दरबार भरला आहे. म्हणजे असे : मंदिर शिंतो, त्यातील देवाचे मूळ रूप बौद्ध आणि दारावरचे राज्यशास्त्र कन्फ्यूशियन. शांततेच्या काळात मुले खेळतात आणि राजा गाऱ्हाणी ऐकतो, हे येथे शंभर वर्षांच्या यादवीनंतर सांगितले जात आहे. सांगणारा विजेता आहे, एवढे भान वाचकाने ठेवावे.

या द्वाराच्या बारा खांबांपैकी एकावरील नक्षी मुद्दाम उलटी कोरलेली आहे. जे परिपूर्ण झाले त्याच्या ऱ्हासाला आरंभ होतो, म्हणून अपूर्णतेची ही खूण ठेवली, असे स्पष्टीकरण दिले जाते. आपल्याकडे लेकराला तीट लावतात, त्या जातीचीच ही कल्पना होय.

मुख्य मंदिराची रचना 'गोंगेन-झुकुरी' या नावाने ओळखली जाते. पुढे प्रार्थनागृह, मागे गर्भगृह आणि दोहोंना जोडणारी, किंचित खालच्या पातळीवरील खोली. हिदेयोशींच्या तोयोकुनी देवस्थानाची रचनाही याच प्रकारची होती. पराभूत घराण्याच्या देवाचे स्थान बंद पाडून त्याचाच आराखडा विजेत्यांनी उचलला.

आणि मग उजव्या अंगाला, निजलेल्या मांजराच्या त्या लहानशा, अतिप्रसिद्ध शिल्पाखालून निघून २०७ दगडी पायऱ्या चढल्या की आपण ओकुशा, म्हणजे प्रत्यक्ष समाधीपाशी पोहोचतो. येथे रंग नाही. जंगल, शेवाळलेला कठडा आणि त्याच्या मध्ये एक कांस्यस्तूप. पुढ्यात धूपदाणी, फुलदाणी आणि करकोच्याची दीपदाणी. आरंभी हा स्तूप लाकडी होता, नंतर दगडी झाला आणि १६८३ सालच्या भूकंपात त्याचे नुकसान झाल्यावर तो कांस्यात ओतण्यात आला. खालचे सारे वैभव जिवंत माणसांना उद्देशून होते. मृताला त्यातले काही लागत नाही. निक्कोवर उधळपट्टीचा ठपका ठेवणाऱ्यांपैकी किती जण या २०७ पायऱ्या चढले असतील, अशी शंका येते.

ताइयूइन : नमते घेणारी समाधी

इएमित्सु १६५१ साली वारले. मृत्यूनंतरही आपण आजोबांच्या सेवेत राहावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार ताइयूइन हे त्यांचे समाधिमंदिर तोशोगूपासून जवळच १६५३ साली पूर्ण झाले. त्यांच्यामागोमाग होत्ता मासामोरी, आबे शिगेत्सुगु यांच्यासारख्या निकटच्या सेवकांनी प्राणत्याग केला. स्वामीमागे जाण्याची ही प्रथा शोगुनशाहीने १६६३ साली बंद केली.

ताइयूइनकडे घाईच्या सहलीतील प्रवासी सहसा फिरकत नाहीत आणि जे येतात ते तोवर थकलेले असतात. हे योग्य नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही वास्तूंची तुलना केल्याशिवाय निक्को कळतच नाही. तोशोगूत पांढरा आणि सोनेरी रंग डोळ्यांत भरतो. ताइयूइनमध्ये पांढरा मागे सरतो, काळा, लाल आणि सोनेरी पुढे येतात. शिल्पे कमी, आकार लहान, वृक्षांची सावली दाट. आजोबांहून वरचढ दिसू नये, हा दंडक वास्तूने पाळला आहे आणि मुख्य मंदिराचे तोंडही तोशोगूच्या दिशेने केले आहे. ही वास्तू संपूर्णपणे बौद्ध आहे. तिच्या दरवाजांवरील रक्षकांची जपानी नावे उलगडली की आपल्या ओळखीची नावे निघतात : जिकोकुतेन म्हणजे धृतराष्ट्र, कोमोकुतेन म्हणजे विरूपाक्ष आणि 'याशामोन' म्हणजे यक्षद्वार. चार कोपऱ्यांत चार यक्ष उभे असलेले हे द्वार कमळांऐवजी पिओनी फुलांनी भरलेले आहे. सर्वांत आतले कोकामोन हे मिंग धाटणीचे द्वार. त्याच्या मागच्या समाधीपर्यंत मात्र पाहुण्यांना जाता येत नाही.

समाधीला सोन्याने मढविण्याची कल्पना तोकुगावांनी काढलेली नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. ईशान्य जपानमधील हिराइझुमी येथे फुजिवारा कियोहिरा यांनी ११२४ साली पुरे केलेले कोन्जिकिदो, म्हणजे सुवर्णमंदिर, आतून बाहेरून वर्खाने मढविलेले असून खांबांवर शंखशिंपल्यांचे जडावकाम आहे. वेदीखाली या घराण्याच्या तीन पिढ्यांचे देह आहेत. तेथील सोने अमिताभाच्या सुखावती लोकाचे आहे, निक्कोचे सोने याच लोकीच्या राज्याचे. दोन्ही समाध्या पाहणाऱ्याला हा फरक कोणी सांगावा लागत नाही.

'खरे जपानी' कोणते?

शोगुनशाही १८६८ साली कोसळली. त्या यादवीत तिचे काही सैनिक निक्कोत शिरले होते; लढाई झाली असती तर आज हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते. नव्या सरकारचे सेनानी इतागाकी ताइसुके यांच्या प्रयत्नांमुळे ती टळली, असे मानून त्यांचा पुतळा निक्कोच्या लाल पुलाजवळ उभारलेला आहे. पण त्याच वर्षी नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध उपासना वेगळ्या करण्याचा आदेश काढला आणि निक्कोत १८७१ साली त्याची अंमलबजावणी झाली. जो देव मुळात बुद्धाचाच अवतार म्हणून प्रतिष्ठित झाला होता, त्याच्या आवारात आता बुद्ध उपरा ठरला. डोंगराचे तोशोगू, फुतारासान आणि रिन्नोजी असे तीन भाग झाले. तोशोगूच्या आवारातील बौद्ध वास्तू नेमक्या कोणाच्या, हा वाद पुढे महायुद्धोत्तर काळात न्यायालयापर्यंत गेला. आज प्रवाशाला वेगवेगळी तिकिटे काढावी लागतात, त्यामागे हा इतिहास आहे. राजाश्रय संपल्यावर १८७९ साली स्थानिक व अन्य मंडळींनी 'होकोकाई' ही संरक्षण संस्था काढली आणि १८८० साली तोशोगूचे मुख्य पुजारी म्हणून आले ते मात्सुदाइरा कातामोरी, नव्या सरकारशी लढून हरलेले आइझूचे दाइम्यो.

निक्कोची प्रतिष्ठा खऱ्या अर्थाने डळमळली ती १९३३ साली. जर्मन वास्तुविशारद ब्रुनो ताउट त्या वर्षीच्या मे महिन्यात जपानला आले. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना क्योतोतील कात्सुरा हा राजवाडा दाखविण्यात आला आणि त्याच महिन्यात त्यांनी निक्कोही पाहिले. कात्सुरा आणि इसे ही सम्राटांची, म्हणून अस्सल कला. निक्को ही शोगुनांची, म्हणून भडक आणि नकली, अशी विभागणी त्यांनी केली. आधुनिकतावादी वास्तुविशारदांना हे मत सोयीचे होते, सम्राटभक्तीच्या त्या काळाला तर ते अधिकच मानवले. आपल्या पाठ्यपुस्तकांतील 'साधेपणा'वर या मांडणीची छाया दिसते.

तिला दोन आक्षेप घेता येतात. एक, कात्सुरा आणि निक्को हे दोन युगांचे नव्हे, एकाच काळाचे अपत्य आहे. कात्सुराचे काम राजपुत्र तोशिहितो यांनी सुरू केले आणि त्यांचे पुत्र तोशितादा यांनी १६६२ पर्यंतच्या आपल्या आयुष्यात ते वाढविले. निक्कोची पुनर्बांधणी नेमकी या दोघांच्या मधली. दोन, ज्या इसेचा साधेपणा ताउट यांना वंद्य वाटला, त्या इसेच्या ठराविक वर्षांनी होणाऱ्या पुनर्बांधणीचा खर्च त्या काळात तोकुगावा शोगुनशाहीच करीत होती. म्हणजे एकाच खजिन्यातून एकीकडे रंग न दिलेल्या लाकडाची आणि दुसरीकडे वर्खाची बिले चुकती होत होती. देणाऱ्याला यात विसंगती दिसली नाही. प्रसंग कोणता आणि देव कोणता, यावर शैली ठरत असे. साधेपणा आणि अलंकरण यांपैकी एकालाच राष्ट्रीय स्वभावाचे प्रमाणपत्र देण्याची निकड ही आधुनिक राष्ट्रवादाची आहे.

जतनाचे काम

तोकुगावांची सारी समाधिमंदिरे टिकली नाहीत. झोजोजीतील हिदेतादांचे समाधिमंदिर १९४५ सालच्या बॉम्बहल्ल्यांत जळाले. त्याची एकदशांश प्रतिकृती १९१० साली लंडनच्या प्रदर्शनासाठी तयार केली होती, ती ब्रिटिश राजसंग्रहात राहिली आणि २०१५ पासून कर्जाऊ म्हणून झोजोजीत पाहावयास ठेवली आहे. सेंदाई येथील दाते मासामुने यांचे झुइहोदेनही १९४५ सालीच भस्मसात झाले. पुनर्बांधणीपूर्वी १९७४ साली समाधीचे उत्खनन झाले आणि १९७९ साली नवी वास्तू पूर्ण झाली. निक्को डोंगरात असल्यामुळे बॉम्बहल्ल्यांतून वाचले. पण आग तेथेही चुकली नाही. भैषज्यगुरूचे मंदिर १९६१ साली जळाले. छतावरील ड्रॅगनखाली लाकडी ठोकळे वाजवले असता घुमणारा नाद आज ऐकू येतो तो पुन्हा बांधलेल्या वास्तूत, नव्याने रंगविलेल्या ड्रॅगनखाली.

युनेस्कोने १९९९ साली निक्कोच्या १०३ वास्तू जागतिक वारसा यादीत घेतल्या. त्यांपैकी नऊ राष्ट्रीय संपत्ती आणि ९४ महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता म्हणून जपानी कायद्याने संरक्षित आहेत. हे संरक्षण म्हणजे कुंपण घालून जुने तसेच ठेवणे नव्हे. डोंगरातील दमट हवा, धुके आणि हिमवर्षाव यांत लाख सुटते, रंग उडतो. म्हणून ठराविक काळाने लाख खरवडून पुन्हा चढवावी लागते, वर्ख नव्याने लावावा लागतो, शिल्पे पुन्हा रंगवावी लागतात. भित्तिचित्राचा मूळ थर राखावा, त्यावर नवा रंग देऊ नये, हे अजिंठ्याच्या संदर्भात आपण शिकलेले तत्त्व येथे लागू पडत नाही. येथे पुन्हा रंगविणे हीच परंपरा आहे आणि ते करू शकणाऱ्या कारागिरांची साखळी तुटू न देणे हा जतनाचा अर्धा भाग आहे.

योमेइमोनची अलीकडची मोठी दुरुस्ती २०१३ साली सुरू होऊन २०१७ साली संपली. तीत सुमारे २,४०,००० वर्खाची पाने लागली. द्वाराच्या बाजूच्या भिंतीवरील पिओनी फुलांचे कोरीव फलक कामासाठी उतरवले, तेव्हा त्यामागे अठराव्या शतकातील चित्र निघाले : पाइन वृक्ष आणि घरट्यातले करकोचे. त्याही आधी, सतराव्या शतकात, त्या जागी कोरीव पिओनीच होत्या. मध्यंतरी कोणा पिढीने चित्र पसंत केले आणि पुढच्या पिढीने ते झाकून पुन्हा फुले बसविली. चित्राच्या नोंदी घेण्यात आल्या, काही काळ ते लोकांना पाहता आले आणि मग पिओनीचे फलक नव्या रंगात परत जागेवर चढले. करकोचे आता त्यांच्या मागे आहेत.